उतारा चौपाटीचा, लेकरं बालाघाटातली: वाचन चाचणीत अन्याय नेमका कुठं होतो?

मॅडम, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात झेडपी शाळेवर पाचवीला शिकवता आणि वर्गातली निम्म्याहून जास्त लेकरं ऊसतोड करणाऱ्या घरातली आहेत. वाचन चाचणीत चौपाटीवरचा उतारा आला. राधा आईबाबांसोबत चौपाटीवर जाते, ओहोटी असते म्हणून पाणी लांब गेलेलं असतं, ती वाळूचा किल्ला करते, मग सगळे भेळ खायला जातात, बऱ्याच वेळानं परत येऊन बघतात तर किल्ला नाहीसा झालेला. प्रश्न होता, किल्ला कशामुळे नाहीसा झाला? उत्तरसूचीत फक्त 'भरती आल्यामुळे'. तुमच्या बहुतेक लेकरांनी 'पोरांनी मोडला', 'कुत्र्यानं उकरला', 'वाऱ्यानं पडला' असं लिहिलं आणि ज्यांचे नातेवाईक मुंबई-पनवेलकडं आहेत अशा दोन-तीन जणांचंच बरोबर आलं. तुमचं म्हणणं की हा अन्याय आहे, इथून पुढं ऊसतोडीवरचेच उतारे द्यावेत. तुमच्या वरच्या साहेबांचं म्हणणं की वाचन म्हणजे वाचन, ज्याला वाचता येतं त्याला कुठल्याही विषयावरचं येतं.

मी बरीच वर्षं झेडपीच्या शाळांत शिकवलं, लातूरकडं पण आणि परभणीकडं पण, नंतर चाचण्यांचे प्रश्न तयार करणं, उत्तरपत्रिका तपासून त्यातून काय कळतं ते शिक्षकांसोबत बसून बघणं याच कामात राहिलो, त्यामुळं हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे. आधी माझं मत सांगतो, मग कारणं. सगळ्या लेकरांना सारखाच ओळखीचा असा उतारा कुणालाच लिहिता येत नाही. कुठलाही विषय घ्या, तो कुणाला तरी सोपा जाणार आणि कुणाला तरी अवघड, म्हणून विषय अनोळखी निघाला एवढ्यावरून चाचणी अन्यायकारक आहे असं मी म्हणणार नाही. अन्याय पुढच्या पायरीवर होतो. त्या एका उताऱ्याचे गुण बघून आपण लेकराच्या नावापुढं 'वाचन कच्चं' असं लिहितो, आणि मग दुखणं एकीकडं अन्‌ औषध भलत्याच गोष्टीचं, असं वर्षभर चालतं.

साहेबांचं म्हणणं कुठवर खरं आहे ते आधी बघू, कारण ते पूर्ण चूक नाही. वाचनात दोन वेगळी कामं असतात. एक म्हणजे अक्षरं, काना-मात्रा, जोडाक्षरं उलगडून शब्द बरोबर आणि पुरेशा वेगानं वाचता येणं. दुसरं म्हणजे तोच मजकूर कुणी मोठ्यानं वाचून दाखवला असता तर तो समजला असता का. गॉफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ साली हे एकदम सोपं करून मांडलं, वाचून समजणं म्हणजे या दोन गोष्टींचा गुणाकार. बेरीज असती तर एकाची कमी दुसऱ्यानं भरून काढली असती, गुणाकारात एक जरी शून्य झालं की सगळंच शून्य. आता पहिल्या कामाची चाचणी घ्यायची असेल तर विषयानं फरक पडतो पण कमी पडतो. २००५ पासून 'असर' नावाचं ग्रामीण लेकरांचं जे सर्वेक्षण चालतं त्यात घरी जाऊन एकेका लेकराला अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात, केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या लेकरानं अर्थ समजून मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत असं ठेवलंय. तिथं मजकूरच साधा असतो आणि मुख्य भर वाचता येतं का यावर असतो, म्हणून साहेबांचं म्हणणं तिथं बऱ्यापैकी लागू पडतं. पण तुमच्या पेपरातला 'कशामुळे'वाला प्रश्न दुसऱ्या कामाचा आहे, आणि दुसऱ्या कामात माहिती बाजूला काढून ठेवताच येत नाही.

तो प्रश्न जरा उलगडून बघा. किल्ला कशानं गेला हे उताऱ्यात कुठंच लिहिलेलं नाही, ओहोटी हा शब्द फक्त एकदा येऊन जातो. ओहोटीनंतर भरती येते, ती काही तासांतच येते, त्या वेळी पाणी किल्ला केला होता तिथवर वर चढतं, आणि लाटेचं पाणी लागलं की वाळूचं बांधकाम ढासळतं, एवढी सगळी साखळी लेकरानं स्वतःच्या डोक्यातून आणायची. ज्यानं समुद्र बघितलाय त्याला आपण काही जोडलंय हे जाणवतसुद्धा नाही, इतकं ते आपोआप होतं. ज्यानं बघितला नाही त्याच्यासमोर मात्र नुसतं एक भगदाड आहे, आणि ते त्यानं आपल्या अनुभवानं भरलं. उघड्यावर केलेली वस्तू सोडून गेलं की काय होतं? पोरं मोडतात, कुत्रं उकरतं. म्हणजे हे लेकरू चांगला वाचक जे करतो तेच करत होतं, न लिहिलेलं कारण शोधत होतं, आणि त्यानं शोधलेलं कारण उताऱ्यातल्या एकाही वाक्याच्या विरोधात जात नाही. मग त्याला शून्य कशाचं दिलं? समुद्र माहीत नसल्याचं. वर आपल्याकडं भरती-ओहोटीचा स्वतंत्र पाठ सातवीच्या भूगोलात आहे, तो पाचवीच्या भाषेच्या पेपरात माहीत असल्याचं धरून चालायचं, ही प्रश्न काढणाऱ्याची चूक आहे. तुमच्या लेकरांची नाही.

आता हे नुसतं माझं निरीक्षण नाही, यावर जुनं आणि पक्कं काम झालेलं आहे. १९८८ साली अमेरिकेत रेख्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. मुलांचे चार गट होते, वाचन चांगलं आणि बेसबॉल माहीत, वाचन चांगलं पण बेसबॉल माहीत नाही, वाचन कच्चं पण बेसबॉल माहीत, आणि दोन्ही कच्चं. वाचल्यावर त्यांनी मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर लाकडी बाहुल्या हलवून सामन्यात काय घडलं ते करून दाखवायचं होतं, शिवाय सांगायचंही होतं. वाचन कच्चं असून खेळ माहीत असलेली मुलं वाचन चांगलं असून खेळ माहीत नसलेल्या मुलांच्या बरीच पुढं गेली, आणि खेळ माहीत असलेल्या चांगल्या वाचकांच्या जवळपास पोचली. आपल्याकडं क्रिकेटच्या बातमीवर असाच उतारा देऊन बघा, 'शेवटच्या षटकात फ्री हिटवर चौकार' एवढं वाक्य वर्गातल्या कुणाला समजतं ते बघा, अक्षरं सगळ्यांनाच वाचता येतील.

दुसरा अभ्यास त्याहून जुना आहे, १९७९ चा, आणि त्यात आपल्या मराठी नावाच्या एक बाई होत्या, चित्रा जोग-देव. स्टेफन्सन, जोग-देव आणि अँडरसन या तिघांनी भारतीय आणि अमेरिकन अशा मोठ्या, शिकलेल्या माणसांना दोन पत्रं वाचायला दिली, एक भारतीय लग्नाचं वर्णन आणि एक अमेरिकन लग्नाचं. प्रत्येकानं आपल्याकडचं पत्र जास्त वेगानं वाचलं आणि त्यातलं जास्त लक्षात ठेवलं. परक्या लग्नाचं पत्र वाचताना नुसतं विसरणं झालं नाही, अर्थच बदलला. अमेरिकन पत्रातली नवरी आजीचा लग्नातला ड्रेस घालते, तिकडं ती कौतुकाची परंपरा, पण एका भारतीय वाचकानं आठवून सांगितलं की नवरीचा ड्रेस जुना, फॅशन गेलेला होता. वाचता न येणारी माणसं नव्हती ती. तुमच्या वर्गातलं 'कुत्र्यानं उकरला' हे अगदी त्याच जातीचं उत्तर आहे.

मग ऊसतोडीवरचा उतारा द्यावा का? मी स्वतः हे करून बघितलंय. तालुक्याच्या एका शाळेत नोकरदारांची आणि मजुरांची लेकरं एकाच वर्गात होती, तिथं दोन्ही तऱ्हेचे छोटे उतारे दिले. उसाचा उतारा असा काहीसा होता, टोळीनं दोन दिवस ऊस तोडून फडात टाकला पण ट्रॅक्टर आला नाही, बापू सारखे रस्त्याकडं बघत होते, रात्री त्यांना नीट जेवणही गेलं नाही. प्रश्न, बापूंना काळजी कशाची वाटत होती? जी लेकरं आईबापासोबत फडावर राहिलेली त्यांनी एका ओळीत लिहिलं, ऊस वाळला की वजन घटतं आणि पैसे तर टनावर मिळतात. नोकरदारांच्या लेकरांनी लिहिलं, ऊस चोरीला जाईल, पाऊस येईल, ट्रॅक्टरचा अपघात झाला असेल. ही वाचनात तरबेज लेकरं, पुस्तकं वाचणारी, आणि इथं ती 'पोरांनी मोडला'च्या जागी उभी होती.

पण मॅडम, यातली महत्त्वाची गोष्ट पुढं आहे. सगळा वर्ग उलटा झाला नाही. काही लेकरं दोन्ही उताऱ्यांत चांगली निघाली, काही दोन्हीत अडकली आणि काहींचाच क्रम विषयानुसार खाली-वर झाला. दोन्हीत अडकली त्यांना जवळ बसवून मोठ्यानं वाचायला सांगितलं तर जोडाक्षराला थांबत होती, ओळ सोडत होती, वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरत होती. त्यांना खरंच वाचनाचा सराव पाहिजे होता, आणि 'विषय अनोळखी होता' म्हणून त्यांना सोडून दिलं असतं तर तोही त्यांच्यावर अन्यायच झाला असता. ज्यांचा क्रम बदलला त्यांचं वाचन ठीक होतं, त्यांना माहिती आणि शब्द पाहिजे होते. एकाच उताऱ्याच्या गुणांत हे दोन्ही गट शेजारी शेजारी दिसतात, अगदी सारखेच गुण, म्हणून एका उताऱ्यावर मी कधीच निर्णय घेत नाही. नवोदयच्या प्रवेश परीक्षेत भाषेचे २० प्रश्न असतात ते चार वेगवेगळ्या उताऱ्यांवर, प्रत्येकी पाच. त्या परीक्षेबद्दल बोलण्यासारखं बरंच आहे पण ही रचना बरोबर आहे, एक उतारा लेकराच्या ओळखीच्या जगातला नसला तरी बाकीचे तीन शिल्लक राहतात.

सगळे उतारे ऊस, कापूस, बैल, पोळा यांच्यावरच ठेवायचे याला माझा विरोध आहे, आणि तो का ते सांगतो, कारण तुमच्यासारखे कळकळीचे शिक्षकच तिकडं वळतात. एक तर गावातल्या सगळ्या लेकरांना शेती माहीत असते हे खरं नाही, भूमिहीन घरातली असतात, दुकानदाराची असतात, पोरींना घरातलं जास्त आणि शिवारातलं कमी माहीत असतं, काही ठिकाणी उलटं. दुसरं, ऊसतोडीच्या लेकराला फक्त ऊसच माहीत असतो हा पण आपला समज आहे. ते लेकरू सांगली-कोल्हापूर, कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत जाऊन आलेलं असतं, वजनकाटा, धरणाचा कालवा, दुसरी भाषा बोलणारी माणसं हे सगळं त्यानं बघितलेलं असतं जे गाव न सोडलेल्या लेकरानं बघितलेलं नाही. तिसरं कारण मला सगळ्यात जास्त वाटतं, पुढं जाऊन स्कॉलरशिप असो, दहावी असो की स्पर्धा परीक्षा, तिथं त्याला समुद्र, न्यायालय, बँक, हिमनदी सगळ्यांवरचं वाचावं लागणार आहे. आपण दरवेळी त्याच्या अंगणातलाच उतारा दिला तर गुण छान दिसतील आणि त्याला बाहेरचं वाचता येत नाही हे आपल्याला कळणारच नाही.

आणि ओळखीच्या विषयात उलटी अडचण असते जिच्याबद्दल कुणीच तक्रार करत नाही, कारण गुण चांगले आलेले असतात. लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येवर, म्हणजे तिकडच्या येळवस सणावर, उतारा द्या आणि विचारा, येळवसला शेतात काय काय घेऊन जातात? लेकरू उतारा न वाचता भज्जी, आंबील, उंडे लिहून मोकळं होणार. तो वाचनाचा प्रश्नच राहिला नाही. म्हणून मी प्रश्न पक्के करायच्या आधी एक काम हमखास करतो, उतारा झाकून नुसते प्रश्न दुसऱ्या वर्गातल्या काही लेकरांना देतो. न वाचता ज्याचं उत्तर बरीच जण बरोबर देतात तो प्रश्न काढून टाकायचा किंवा बदलायचा. याला खर्च काहीच नाही, अर्धा तास लागतो. अमेरिकेतल्या एसएटी या मोठ्या प्रवेश परीक्षेचे वाचनाचे प्रश्नसुद्धा उतारा न देता सोडवायला दिले तर नुसत्या अंदाजानं येतील त्यापेक्षा जास्त बरोबर येतात हे १९९० मध्ये दाखवून झालंय, त्यामुळं आपल्या प्रश्नपत्रिकेत असे प्रश्न नसतील असं समजूच नये.

आता चौपाटीचा उतारा ठेवूनच तो कसा सुधारायचा ते बघा. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याच्या आसपास एवढंच घालायचं, 'समुद्राचं पाणी दिवसातून साधारण दोनदा किनाऱ्यावर वर चढतं, त्याला भरती म्हणतात, आणि दोनदा मागं सरतं, त्याला ओहोटी म्हणतात.' झालं. आता किल्ला कशामुळे गेला हे कळायला समुद्र बघितलेला असायची गरज नाही, वर वाचलेलं वाक्य आणि खाली घडलेली गोष्ट जोडायची गरज आहे, आणि आपल्याला मोजायचं होतं तेही हेच. फायदा मुंबई बघितलेल्या लेकराला थोडा राहीलच, तो शून्य होणार नाही, पण दरी बरीच कमी होते. उत्तराला लागणारी माहिती उताऱ्यातच आहे का, हा प्रश्न मी प्रत्येक 'का' आणि 'कशामुळे'च्या पुढं विचारतो. माहिती उताऱ्यात नसेल आणि आधीच्या इयत्तेत शिकवलेलीही नसेल, तर मग उत्तरसूची तरी मोकळी ठेवायची, उताऱ्याला धरून असलेलं कुठलंही कारण मान्य करायचं. तुमच्या हातात तपासणी असेल तर 'पोरांनी मोडला'ला मी गुण दिले असते आणि शेजारी नोंद केली असती.

काही जण म्हणतात अवघड शब्दाचा अर्थ खाली टीपेत दिला की भागतं. कधी भागतं, कधी नाही. विषय अर्धामुर्धा ओळखीचा असेल आणि एकच शब्द आडवा येत असेल तर टीप कामाची. विषयच पूर्ण नवा असेल तर एका टीपेनं फारसं होत नाही. २०१९ साली ओराइली आणि सहकाऱ्यांनी हायस्कूलच्या साडेतीन हजारांवर विद्यार्थ्यांना पर्यावरणाच्या विषयावरचं वाचायला दिलं, त्याआधी त्याच विषयातलं त्यांना किती माहिती आहे ते तपासलं. माहिती ५९ टक्क्यांच्या खाली होती तोवर ती थोडी कमी की थोडी जास्त यानं समजण्यात फरक दिसत नव्हता, त्या रेषेच्या वर गेल्यावर मात्र जितकी माहिती जास्त तितकं समजणं जास्त. आकडा त्या विषयाचा, त्या चाचणीचा आहे, तो उचलून आपल्या पाचवीला लावायचा नाही. पण वर्गात दिसतं ते असंच दिसतं, अगदी परक्या विषयात चिमूटभर ओळख करून दिली तरी लेकरू तिथंच अडखळतं.

म्हणून लेकराला विषय किती माहीत होता याची वेगळी नोंद घ्यायची. मी तीन-चार तोंडी प्रश्न ठेवतो, त्याला गुण नाहीत. समुद्र बघितलाय का, टीव्हीवर-मोबाईलवर बघितलाय का, तिथलं पाणी एका जागी राहतं की हलतं, असं. एक काळजी घ्यायची, हे प्रश्न चाचणीच्या तोंडावर विचारले तर त्यातूनच उत्तर सुचतं, म्हणून एक तर दोन-तीन दिवस आधी इतर विषयांच्या गप्पांत मिसळून विचारायचे किंवा चाचणी झाल्यावर. मग गुणांच्या यादीशेजारी ही खूण ठेवून बघा. माहिती होती तरी उत्तर चुकलं, तर वाचन तपासा. माहिती नव्हती आणि चुकलं, तर अजून काहीच ठरवू नका. माहिती नव्हती तरी बरोबर आलं, तर ते लेकरू खरंच मजकुरातून शिकतंय, त्याच्याकडं विशेष लक्ष द्या.

मोठ्या सर्वेक्षणांत याच्यासाठी आकडेवारीची पद्धत आहे, डीआयएफ म्हणतात तिला. एकूण गुण सारखे असलेली पण वेगळ्या गटातली लेकरं घ्यायची, समजा शहरी आणि ग्रामीण, आणि एकेका प्रश्नावर दोन्ही गट कसे वागले ते बघायचं. एकूण सारखीच असून एखाद्या प्रश्नावर एकच गट सारखा मागं पडत असेल तर तो प्रश्न वाचनाशिवाय दुसरंच काहीतरी मोजत असण्याची शक्यता असते. याला भरपूर लेकरं लागतात, एका वर्गावर हे गणित करायला जाऊ नका. आपल्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या शाळांच्या उत्तरपत्रिका एकत्र आल्या तर हातानं मोजूनसुद्धा संशयाचे प्रश्न बऱ्यापैकी दिसतात.

इथवरचं सगळं माहितीबद्दल झालं, भाषेचं थोडं वेगळं आहे आणि ते यात मिसळू नका. तांड्यावरचं लेकरू घरी गोरबोली बोलतं, शहरात दखनी बोलणारी घरं आहेत, देगलूर-बिलोलीकडं तेलुगूचा आणि उदगीर-निलंगा-उमरग्याकडं कानडीचा वावर आहे. अशा लेकराला गोष्ट माहीत असूनही प्रमाण मराठीतला शब्द माहीत नसतो. कळायचा मार्ग सोपा आहे, तोच प्रश्न त्याला घरच्या भाषेत, ती तुम्हाला येत नसेल तर त्याच्या मोठ्या भावंडाकडून, तोंडी विचारा. तिथं उत्तर आलं तर अडचण शब्दांची आहे.

शिकवलेल्याच गोष्टींवर उतारे द्यावेत, म्हणजे सगळ्यांना समान संधी, असाही एक मार्ग आहे. अमेरिकेत लुइझियाना राज्यानं २०१८ मध्ये मंजुरी घेऊन असा प्रयोग केला, वर्षभरात वर्गात वाचलेल्या पुस्तकांवर आणि विषयांवरच वाचनाची चाचणी. आपल्याकडं हे खरं तर सोपं जायला पाहिजे, बालभारतीची पुस्तकं राज्यभर सारखी आहेत, चौथी-पाचवीच्या परिसर अभ्यासातले विषय घेऊन नवीन उतारे लिहिता येतात. मला हा मार्ग आवडतो. पण तुमच्या शाळेत तो जसाच्या तसा लावला तर नेमकी तुमचीच लेकरं पुन्हा अडकतील, कारण दसरा-दिवाळीनंतर टोळ्या गेल्या की जी लेकरं सोबत जातात ती गुढीपाडव्याच्या आसपासच परततात आणि मधलं सगळं बुडालेलं असतं. 'शिकवलंय' हे त्यांच्याबाबतीत कागदावरच खरं असतं. हंगामी वसतिगृहात राहून शाळेत आलेल्यांचं वेगळं, गेलेल्यांचं वेगळं, म्हणून उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे असं मी म्हणतो. गेलेल्यांसाठी माहिती उताऱ्यातच दिलेले उतारे जास्त न्याय्य.

चाचणीनंतर काय होतं हे मला चाचणीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. गुण कमी आले की लेकरांचा गट पाडला जातो आणि त्यांना रोज जादा वेळ पुन्हा अक्षरं, शब्दकार्डं, तेच ते छोटे परिच्छेद दिले जातात. हा वेळ कुठून काढतात? परिसर अभ्यासातून, गोष्टीच्या तासातून, चित्रकलेतून. म्हणजे ज्या लेकराला जगाची माहिती कमी म्हणून गुण कमी पडले त्याचाच जगाची माहिती मिळायचा तास काढून घेतला, आणि पुढच्या वर्षी त्याचा उतारा आणखी अनोळखी होणार. माझं मन सगळ्यात जास्त इथं दुखतं, कारण हे करणारे सगळे चांगल्या हेतूनं, मेहनत घेऊन करत असतात. जोडाक्षराला अडखळणाऱ्या लेकराला तो सराव द्याच, बिनदिक्कत द्या. बाकीच्यांना रोज दहा-पंधरा मिनिटं तुम्ही स्वतः मोठ्यानं वाचून दाखवा, आणि एकाच विषयावर आठवडाभर टिका, सोमवारी समुद्रावरचं काही, मंगळवारी मीठ कसं तयार होतं, बुधवारी कोळी लोक, गुरुवारी बंदर. रोज नवा विषय घेण्यापेक्षा हे कितीतरी जास्त टिकतं, कारण तेच शब्द वेगवेगळ्या वाक्यांत परत परत कानावर येतात. भरती-ओहोटीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलवर दाखवा आणि तोच चौपाटीचा प्रश्न परत विचारा, पहिल्या खेपेला 'कुत्र्यानं उकरला' लिहिणारी किती जण आता पटकन सांगतात ते तुम्हीच बघा. ज्यांनी सांगितलं त्यांचं वाचन कच्चं नव्हतं, याचा पुरावा तुमच्याच हातात येईल.

साहेबांशी वाद घालत बसू नका, त्यांना हे दाखवा. केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत वेळ मागा, लेकरांची मूळ उत्तरं, व्हिडिओनंतरची उत्तरं, आणि मोठ्यानं वाचून घेतल्यावर कोण कुठं अडलं त्याची साधी यादी, एवढंच पुढं ठेवा. मागणीही छोटी ठेवा, केंद्रात जी चाचणी आपण स्वतः तयार करतो तिच्यात किमान तीन वेगळ्या विषयांचे उतारे असावेत आणि प्रत्येक 'कशामुळे'ला लागणारी माहिती उताऱ्यात असावी. वरून आलेल्या पेपरात आपल्याला बदल करता येत नाही हे खरं, पण त्या गुणांवरून गट कसे पाडायचे हे शाळेतच ठरतं, तिथं तुम्हाला अधिकार आहे.

आणि ज्या लेकरांचं स्थलांतर होतं त्यांच्यासाठी एका वहीत प्रत्येकाचं एक पान ठेवा, जायच्या आधी मोठ्यानं वाचताना कसं वाचत होतं, कुठल्या विषयांवरचं समजत होतं, आल्यावर काय बदललं. परत आल्यावर गुणांची यादी हातात घ्यायच्या आधी ते पान वाचा, आणि तिकडं काय काय बघितलं ते त्याला वर्गापुढं सांगू द्या, त्यातले शब्द फळ्यावर लिहा आणि त्यावरच दोन-तीन ओळींचा उतारा करून सगळ्या वर्गाला वाचायला द्या.